घरी जायरो बांधताय? आधी थ्रस्ट लाइन कुठून जाते ते बघा

जायरोप्लेन म्हटलं की लोकांना वाटतं छोटं हेलिकॉप्टर, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा इंजिन फिरवतं, जायरोत वरच्या रोटरचा इंजिनाशी उडताना काही संबंधच नसतो. इंजिन मागचा प्रॉपेलर फिरवून मशीन पुढं ढकलतं, आणि मागं कललेल्या रोटरमधून हवा खालून वर जाते म्हणून रोटर आपोआप फिरत राहतो. हातात भिरभिरं धरून पळालं की ते फिरतं ना, तसंच. याला ऑटोरोटेशन म्हणतात. इंजिन बंद पडलं तरी रोटर फिरतोच, मशीन सावकाश खाली येतं, म्हणून सगळे म्हणतात जायरो लई सेफ. सेफ आहेच, पण रोटरवर वजन आहे तोवरच, हे वाक्य डोक्यात पक्कं करून ठेवा, पुढं सगळं यावरच येणारे.

थोडा इतिहास, कारण त्यातनं एक महत्त्वाची गोष्ट कळते. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाची सुरुवातीची मशीनं एका बाजूला कलंडायची. कारण पुढं जाणाऱ्या बाजूच्या ब्लेडला जास्त हवा मिळते, मागं येणाऱ्याला कमी, मग एकीकडं लिफ्ट (वर उचलणारा जोर) जास्त. त्यानं ब्लेड मुळाशी बिजागरीवर बसवले, म्हणजे ते वर-खाली हलून फरक स्वतःच भरून काढतील, आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याचं सी-४ नीट उडलं. आपण घरी जे बांधतो ते मात्र इगोर बेन्सनच्या वाटेनं आलंय, १९५० च्या दशकातलं बी-८एम, दोन ब्लेडचा सी-सॉसारखा हलणारा रोटर, चौकोनी ॲल्युमिनियमचे पाइप आणि बोल्ट. वेल्डिंग जवळपास नाहीच. म्हणूनच ते घरी जमतं.

अशा हलक्या मशीनला अल्ट्रालाइट म्हणतात, पण म्हणजे किती हलकं? अमेरिकेच्या पार्ट १०३ नियमात एक सीट, रिकामं वजन २५४ पाउंडाच्या आत म्हणजे साधारण ११५ किलो, पेट्रोल ५ गॅलन म्हणजे १९ लिटरच्या आसपास, आणि सरळ उडताना जास्तीत जास्त ५५ नॉट. तुमच्याकडं नियम वेगळे असतील, ते आधी वाचा, मशीन बांधून झाल्यावर नाही.

आता सांगाडा. खाली आडवा पाइप म्हणजे कील, त्यावर उभा मास्ट, मास्टच्या वर रोटर हेड, पुढं सीट, मागं इंजिन. पाइप ६०६१-टी६ (उष्णता देऊन कडक केलेलं ॲल्युमिनियम) चाच घ्या, साधारण २ इंच बाय २ इंच, पण भिंतीची जाडी प्लॅनमध्ये लिहिलीय तीच. बाजारात दिसायला सेम टू सेम पाइप मिळतो, ग्रेडचा शिक्का नसेल तर हात लावू नका. आणि मास्टवर वेल्डिंगचा टाका मारायचा विचारही नको, टी६ ची ताकद उष्णतेनं जाते, बाहेरून काही दिसत नाही पण आतून पाइप मऊ झालेला असतो.

भोकं पाडणं हे खरं काम. नवा माणूस हँड ड्रिल घेतो, डोळ्यानं सरळ धरतो आणि घुसवतो, मग दोन भिंतींमधली भोकं एका रेषेत येत नाहीत, मग बोल्ट हातोडीनं ठोकून बसवतो, आणि झालं वाटोळं. ड्रिल प्रेस वापरा, पाव इंची बोल्टसाठी आधी थोडं बारीक भोक पाडा आणि मग रीमर फिरवून मापात आणा, बोल्ट अंगठ्यानं दाबला की थोडा अडत अडत आत गेला पाहिजे, सैल खडखड नको. भोकाच्या मध्यापासून पाइपच्या कडेपर्यंत बोल्टच्या जाडीच्या दुप्पट तरी अंतर ठेवा, पाव इंचीला अर्धा इंच. भोकाच्या कडेची बारीक कूस काढून टाका, तडा तिथूनच सुरू होतो. बोल्ट विमानाचे एएन ग्रेडचेच, आणि लांबी अशी निवडा की आट्याचा भाग पाइपच्या भिंतीत येणार नाही, तिथं बोल्टचा गुळगुळीत दांडाच बसला पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातला चकाचक बोल्ट बघून मोह होतो, कळतं मला, पण नको.

टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोरात आवळला ते दाखवणारा पाना, विकत घ्या, उसना चालेल पण अंदाजानं आवळणं चालणार नाही. पाव इंची एएन बोल्टला साधारण ५० ते ७० इंच-पाउंड, पण पोकळ पाइपमधून जाणाऱ्या बोल्टला प्लॅन म्हणेल तेवढंच, नाहीतर पाइप चेपतो. जिथं काही फिरतं किंवा हलतं तिथं नायलॉनवाला नट लावायचा नाही, खाचा असलेला कॅसल नट आणि त्या खाचेतून जाणारी कॉटर पिन. आवळून झाल्यावर नट आणि पाइपवर मिळून रंगाची एक रेघ ओढा, पुढं रेघ तुटलेली दिसली की नट हललाय हे लांबूनच कळतं.

रोटर ब्लेड घरी बनवू नका. मी सगळं घरी करायच्या बाजूचा माणूस आहे तरी हे सांगतोय. हिशोब बघा, ७ मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला ३५० फेरे मारत असेल तर ब्लेडचं टोक ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास धावतं, आणि १० किलोचं एक ब्लेड मुळाशी सव्वादोन टनाच्या वर ओढतं. हे सगळं थोड्याशा बोल्टवर. म्हणून ब्लेड चांगल्या कारखान्याचे, आणि जुने घेत असाल तर त्यांचा इतिहास लिहिलेला असला पाहिजे. कुठं आपटलेत का, किती तास उडलेत हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर फुकट दिले तरी घेऊ नका.

ब्लेड हब बारला, म्हणजे दोन्ही ब्लेड जोडणाऱ्या मधल्या पट्टीला, लावले की दोरा मारायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही ब्लेडवर अगदी त्याच खुणेवर बारीक दोरा ताणून धरा, तो मधल्या टीटर बोल्टच्या, म्हणजे ज्यावर रोटर सी-सॉसारखा झुलतो त्या बोल्टच्या, बरोब्बर मध्यावरून गेला पाहिजे. मिलिमीटरभर इकडं-तिकडं असेल तर बोल्ट ढिले करून ब्लेड सरकवा, पुन्हा दोरा. मग खोलीत, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून रोटर टीटर बोल्टवर तोलून बघा, हलकं टोक वर जातं, त्या बाजूला वजन वाढवा. हे कंटाळवाणं काम आहे आणि अर्ध्या दिवसात होत नाही. पण इथं आळस केला तर तो हवेत स्टिकमध्ये, म्हणजे रोटर कलवायच्या दांड्यात, थरथर होऊन भेटतो. थरथर कसली ते मोजताही येतं, ३५० फेऱ्यांना सेकंदाला साधारण ६ धक्के बसत असतील तर फेरीला एक धक्का, म्हणजे बॅलन्स, दोरा किंवा ट्रॅकिंग (दोन्ही ब्लेड एकाच उंचीवरून फिरणं) चुकलंय. १२ च्या आसपास असतील तर फेरीला दोन, ते दोन ब्लेडच्या रोटरमध्ये थोडं असतंच, फार असेल तर हबमधल्या टीटर बोल्टची उंची तपासा.

आता मुद्द्याचं. थ्रस्ट लाइन म्हणजे प्रॉपेलरच्या शाफ्टमधून पुढं काढलेली सरळ रेघ, प्रॉप त्या रेघेवर ढकलतो. सीजी म्हणजे वजनाचा मध्य. थ्रस्ट लाइन सीजीच्या बरीच वर असेल तर प्रॉप सतत नाक खाली दाबत असतो. एरवी रोटरचा ओढा सीजीच्या थोडा पुढून जातो आणि नाक वर उचलतो, त्यामुळं हिशोब जुळतो आणि पायलटला कळतही नाही. पण एखादा झोत आला किंवा तुम्ही घाबरून स्टिक पुढं ढकललीत की रोटरवरचं वजन जातं, उचलणारा हात निघून जातो, दाबणारा राहतो. मशीन पुढच्या बाजूला कोलांटी मारतं, रोटर शेपटीला किंवा प्रॉपला धडकतो. याला पॉवर पुशओव्हर म्हणतात आणि यातून सावरायला वेळच मिळत नाही. साधं विमान उडवणारे लोक यात जास्त फसतात, कारण वेग कमी झाला की स्टिक पुढं, हे त्यांच्या हातात बसलेलं असतं.

आणि घरच्या मॉडिफिकेशननं हीच गोष्ट न कळत बिघडते. माझंच सांगतो. जुनं इंजिन काढून मी रिडक्शन गिअरबॉक्सवालं, म्हणजे प्रॉप इंजिनापेक्षा हळू फिरवणारं, टू-स्ट्रोक बसवलं, पॉवर भारी, मोठा प्रॉप फिरवता येणार म्हणून मी खूश. प्रॉप १३२ सेंटीमीटरचा होता तो १६२ चा झाला, म्हणजे त्रिज्या १५ नं वाढली, कीलला लागू नये म्हणून इंजिन १५ सेंटीमीटर वर घेतलं. दिसायला एकदम झकास. मग शेडच्या तुळईला टांगून मोजलं तर थ्रस्ट लाइन सीजीच्या १५ सेंटीमीटर वर! तसंच उडलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो.

मोजायचं कसं ते सांगतो, याला डबल हँग टेस्ट म्हणतात. ब्लेड काढून ठेवा, ते टीटर बोल्टवर झुलतात त्यामुळं या हिशोबात येत नाहीत. टाकीत अर्धं पेट्रोल, आणि तुम्ही स्वतः सीटवर, बूट-हेल्मेटसकट. मशीन टीटर बोल्टच्या जागेवरून टांगा, बाजूला ओळंबा सोडा आणि दोरी मशीनवरून जिथून जाते तिथं खुणा करा. मग दुसऱ्या जागेवरून टांगा, म्हणजे हेडला एक मजबूत पट्टी लावून बरंच पुढं धरा, नाक वेगळ्या कोनात येईल, पुन्हा ओळंबा, पुन्हा खुणा. दोन रेघा जिथं कापतात तिथं सीजी. तुम्ही वर बसलेले असताना दोन माणसं मदतीला हवीतच, आणि चेन कमकुवत नको. ब्रिटनच्या विमान नियामकांनी सिंगल सीट जायरोंसाठी हे अंतर २ इंच, म्हणजे ५ सेंटीमीटरच्या आत असावं असा मापदंड धरलाय, मीही तोच धरतो.

मी काय केलं, तर सीट आणि तिच्यातली टाकी २२ सेंटीमीटर वर उचलली. मी, सीट, टाकी मिळून १०० किलो, सगळं मिळून २२० किलो, म्हणजे सीजी साधारण १० सेंटीमीटर वर आला, उरले ५. पण एक उचललं की दहा गोष्टी बदलतात, पेडल वर, स्टिकचा दांडा बदलला, आणि वजन वर गेल्यामुळं जमिनीवर कलंडायची भीती वाढली म्हणून चाकांमधलं अंतरही वाढवलं. शिवाय मागं आडवा स्टॅबिलायझर, म्हणजे नाक स्थिर ठेवणारं शेपटीचं पातं, लावला, प्रॉपच्या हवेत येईल असा. स्टॅबिलायझर नसलेला जायरो माझ्या मते अर्धवट मशीन आहे, कोण काय म्हणायचं ते म्हणो. बसवताना एवढं बघा की स्टिक पूर्ण मागं आणि रोटर टीटर स्टॉपला, म्हणजे झुलण्याच्या शेवटच्या मर्यादेला, टेकलेला असताना ब्लेड शेपटीच्या किंवा प्रॉपच्या जवळपासही येत नाही ना. हे हातानं फिरवून बघायचं, कागदावर नाही.

टांगलंच आहे तर फक्त टीटर बोल्टच्या जागेवरून टांगलेलं असताना कील किती अंशात झुकलाय तेही मोजा. आकडा तुमच्या प्लॅनमधला. पायलट जड असेल तर नाक जास्त खाली लटकतं, उतरताना स्टिक मागं घ्यायला जागा उरत नाही, तेव्हा हेड थोडं पुढं सरकवावं लागतं, म्हणजे मास्टच्या वरच्या बाजूच्या प्लेट बदलायच्या. हलका पायलट असेल तर उलटं. म्हणून मित्राला "एक चक्कर मार" म्हणून आपलं मशीन देऊ नये.

इंजिनाचं थोडक्यात. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, अंदाजानं ओतायचं नाही. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर लावाच, पिस्टन धरण्याआधी, म्हणजे तापून अडकण्याआधी, तेच बोंबलतं. आणि रोटरचे फेरे दाखवणारं मीटर हे स्पीडोमीटरपेक्षा आधी.

पहिल्यांदा रोटर फिरवताना मी एक गाढवपणा केला होता तो पण सांगून ठेवतो. हातानं ब्लेड ढकलत ढकलत मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांपर्यंत आणतात, मग वाऱ्याकडं तोंड करून स्टिक हळूहळू मागं घेत सावकाश पुढं जातात, हवा रोटरला वेग देते. मी घाईत थ्रॉटल मारला. फेरे कमी आणि हवा जास्त, मागं येणारं ब्लेड स्टॉल झालं, म्हणजे त्याची लिफ्ट गेली, स्टिक हातात अशी दणादणा आपटायला लागली की मनगट दुखलं, आणि ब्लेडनं रडरचा (मागच्या सुकाणूचा) कोपरा उडवला. स्टिक आपटायला लागली की थ्रॉटल कमी, स्टिक पुढं, थांबायचं, बास. त्यानंतर मी प्रीरोटेटर, म्हणजे उडण्याआधी रोटरला वेग देणारं यंत्र, लावला तरी ती घाई अजून आठवते.

आणि हे सगळं बांधायच्या आधीच दोन सीटच्या जायरोत इन्स्ट्रक्टरबरोबर शिकून घ्या. स्वतःच्या मशीनवर पहिले काही दिवस फक्त जमिनीवर पळवायचं, मग रनवेवर हातभर उंचीच्या उड्या, आणि प्रत्येक वेळी शेडमध्ये परत आलं की टॉर्च घेऊन त्या रंगाच्या रेघा बघायच्या. माझ्या तिसऱ्या दिवशी इंजिन माउंटच्या एका नटाची रेघ दोन मिलिमीटर सरकलेली होती.