दया येत नाही? लूक 10 पासून सुरू करा

मला आधी वाटायचं चर्चला गेलं की दया आपोआप येते, पण तसं नाही हो, सवय लावावी लागते. बायबलमधल्या लूकच्या 10व्या अध्यायातली चांगल्या शोमरोनीची (म्हणजे शोमरोन भागातल्या माणसाची) गोष्ट काढा आणि हळू वाचा. लुटारूंनी मारहाण करून टाकलेला एक माणूस वाटेत पडलेला. याजक (यहुदी पुजारी) बघून निघून गेला, लेवी (मंदिरातला सेवक) पण गेला, आणि ज्याच्याशी यहुदी लोक संबंधच ठेवत नव्हते तो शोमरोनी थांबला, जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, वर दोन दिनार (चांदीची नाणी) पण दिले. म्हणजे वेळ, पैसा, गैरसोय सगळं आलं, नुसतं 'अरेरे' नाही.

आता ज्याचा जास्त राग येतो त्याच्यासाठी आठवडाभर प्रार्थना करा. 'देवा त्याला सुधार' अशी नाही हां, त्याचं भलं होऊ दे अशी! (पहिले तीन दिवस मी दात-ओठ खातच केली.)

मग एक छोटं काम. खालच्या मजल्यावरच्या भांडकुदळ आजींची औषधं मी आणून द्यायला लागले, तेव्हा कळलं त्यांना चिठ्ठीवरची अक्षरंच दिसत नाहीत. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून सांभाळल्या, आपण निदान डब्यावर ठळक पेनाने 'सकाळ', 'रात्र' लिहून द्यावं.