कुंडीतला डायंथस: नुसती काळी माती नको

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की डायंथस लावायला हरकत नाही. कातरलेल्या कडांची ती गुलाबी-पांढरी फुलं बघून रोप घरी येतं आणि आपण सांगलीकर ते सरळ शेतातल्या काळ्या मातीत लावतो. तिथंच घोटाळा होतो. काळी माती पाणी धरून ठेवते, आणि डायंथसच्या मुळांना सततची ओल सोसत नाही. निम्मी माती घ्या, बाकी जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत. चुना वगैरे घालू नका. आपल्याकडच्या मातीत चुनखडी बहुतेक असतेच, आणि या झाडाला ती मानवते.

रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा. बुंधा गाडला गेला की सडलाच म्हणून समजा. पाणी वरची माती सुकल्यावरच, तेही फुलांवर न उडवता.

फूल वाळलं की नुसत्या पाकळ्या खुडू नका. दांड्यावर ठिकठिकाणी फुगीर पेरं दिसतात, प्रत्येक पेराला समोरासमोर दोन पानं. त्याच्या किंचित वर कात्री लावा, बगलेतून नवे फुटवे येतात. एप्रिलच्या उन्हात मात्र फार आशा ठेवू नये.

याच कुळातलं कार्नेशन फुलवाल्याकडून आणलंत, तर दांडा दोन पेरांच्या मधे तिरका कापा. पेरावर कापला तर पाणी नीट चढत नाही. आणि फुलदाणी पिकत्या केळ्यांजवळ ठेवू नका. केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पाकळ्या आत मिटून फूल लवकर कोमेजतं.