‘होऊन जाते ना ताई’ म्हणणाऱ्यांनो, टॉक द्यायच्या आधी या चुका टाळा

आमच्या डेव्हलपर ग्रुपची बैठक महिन्यातल्या एका शनिवारी असते. जागा मिळेल तिथे. कधी आयटी पार्ककडे कुणाच्या ऑफिसात, कधी एखाद्या कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये. वक्ते शोधणं, त्यांच्या मागे लागणं आणि ऐनवेळी प्रोजेक्टरची वायर वाकवून धरून उभं राहणं, ही कामं गेली काही वर्षं माझ्याकडे आहेत. आदल्या रात्री वक्त्याला फोन करून विचारायचं, “झाली का तयारी?” दहापैकी आठ जणांचं उत्तर ठरलेलं: “होऊन जाते ना ताई, टेन्शन नका घेऊ.”

या एका वाक्यावर नागपुरात लग्नं निभावून नेतात. टॉक निभत नाही. त्याच त्या चुका पाहून डोकं उठलं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

डेमो नेटच्या भरवशावर ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे हिच्यावर हक्काने बोलते.

मे महिना होता, पारा ४५च्या आसपास. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना डेझर्ट कूलर. विषय होता रेडिस वापरून कॅशिंग, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणं. डेमोत डॉकरचे चार कंटेनर, म्हणजे आपापल्या सामानासकट वेगवेगळे चालणारे प्रोग्राम: अ‍ॅप, पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस आणि पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर. घरी एका कमांडमध्ये सगळं उभं राहायचं. पण आदल्या रात्री लॅपटॉप डिस्क भरल्याची कुरकुर करायला लागला, म्हणून झोपता झोपता ‘डॉकर सिस्टीम प्रून’ ही वापरात नसलेलं पुसून टाकणारी कमांड चालवली, तीही ‘डॅश ए’ लावून. कंटेनर बंद होते. बंद कंटेनर पुसले गेले आणि त्यांच्यामागे सगळ्या इमेजेसही, म्हणजे ज्यांवरून कंटेनर उभे राहतात ते साचेही, गेल्या. स्क्रीनवर बरेच जीबी मोकळे झाल्याचं दिसलं आणि मी खुशीत झोपले.

सकाळी हॉलमध्ये कमांड मारली, तर इमेजेस डाउनलोड व्हायला लागल्या. अजून घाबरले नव्हते, कारण कॉलेजचं वायफाय बऱ्यापैकी होतं. दोन सेकंदांत लाल अक्षरांत उत्तर आलं: टू मेनी रिक्वेस्ट्स. झालं असं की माझ्या आधी त्याच वायफायवर मुलांची डॉकरची कार्यशाळा झाली होती. तीस मुलं, प्रत्येकाने चार इमेजेस ओढलेल्या, म्हणजे १२०. या इमेजेस जिथून येतात त्या डॉकर हबने २०२०च्या नोव्हेंबरात लॉगिन न करणाऱ्यांसाठी सहा तासांत १०० पुलची, म्हणजे डाउनलोडची, मर्यादा आणली, आणि ती मोजली जाते आयपी पत्त्यावर. अख्ख्या कॉलेजचा बाहेरचा पत्ता एकच. माझा कोटा माझ्या आधीच कुणीतरी खाऊन टाकला होता. लॉगिन केलं असतं तर मोजणी माझ्या खात्यावर झाली असती, पण हे शहाणपण मला घरी गेल्यावर सुचलं. त्या वेळी समोर चाळीस माणसं बसली होती आणि हात कीबोर्डवर नुसतेच फिरत होते.

मग फोनचा हॉटस्पॉट. रेंज खिडकीपाशीच येत होती, म्हणून फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मे महिन्यातली खिडकी, नागपूरचं ऊन. पोस्टग्रेस अर्ध्यावर असताना फोन तापल्याची सूचना आली आणि हॉटस्पॉट बंद पडला. मागच्या रांगेतून एकाने अगदी मनापासून विचारलं, “ताई, तवरक आम्ही चहा घेऊन येऊ का?” गेले ते. निम्मे परतलेच नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते, वायफाय बंद करते आणि डेमो पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा चालवते. जे नेटशिवाय चालत नाही ते एकतर काढून टाकते, नाहीतर त्याची नक्कल लॅपटॉपवरच करून ठेवते. डॉकरच्या इमेजेस ‘डॉकर सेव्ह’ने फाइल करून पेन ड्राइव्हवर असतात, ‘डॉकर लोड’ने त्या कुठल्याही मशीनवर परत येतात. कोडच्या प्रत्येक टप्प्याला गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, एक टॅग असतो. टायपिंग फसलं तर पुढच्या टॅगवर उडी मारते. शिवाय चालू डेमोचा तीन मिनिटांचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ. तो लावावा लागला तर लाज वाटते, पण माणसं चहाला जात नाहीत. आणि टॉकच्या आदल्या रात्री मी काहीही साफ करत नाही. डिस्क नाही, स्वयंपाकघरही नाही.

“पण लाइव्ह कोडिंगमध्ये थरार असतो,” असं एका पोराने मला ऐकवलं होतं. स्टेजवर नेटवरून पॅकेजेस उतरवणाऱ्या ‘एनपीएम इन्स्टॉल’चं चाक फिरताना बघण्यात कसला आलाय थरार.

काल वाचलं, आज शिकवलं

दुसरी चूक माझ्या जास्त जिव्हारी लागते, कारण ती नाइलाजाने होत नाही, आळसाने होते.

विषय येतात तेच असे: ‘मायक्रोसर्व्हिसेस: शून्यातून शिखराकडे’, ‘चाळीस मिनिटांत संपूर्ण कुबरनेटीस’. ज्याने आयुष्यात एक मोनोलिथ, म्हणजे सगळं एकाच तुकड्यात असलेलं सॉफ्टवेअर, धडपणे प्रॉडक्शनला चालवलेला नाही, तो लोकांना मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे त्याचेच छोटे स्वतंत्र तुकडे करणं, सांगायला येतो. आता तर स्लाइड्सही एआयकडून करून आणतात. लगेच ओळखू येतात. प्रत्येक स्लाइडवर मोजून पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्याआधी एक रॉकेट नाहीतर हिरवी बरोबरची खूण, आणि त्यात अशी एकही गोष्ट नाही जी वक्त्याच्या नोकरीत घडली आहे. मग कुणीतरी साधा प्रश्न विचारतो, “एक सर्व्हिस पडली तर ऑर्डर अर्धवट राहते, तिचं काय करता?” आणि वक्ता मान वळवून स्वतःच्याच स्लाइडकडे बघायला लागतो.

एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. मीही वापरते, विशेषतः माझं इंग्रजी नीट करायला. पण टॉकचा विषय तुमच्या अंगावर आलेला असावा.

आमच्याकडे ऐकलेला सगळ्यात चांगला टॉक एका मुलीचा होता. नोकरीला लागून तिला जेमतेम आठ महिने झाले होते. विषय एवढाच: गिटमध्ये रिबेस करताना, म्हणजे आपले बदल दुसऱ्या बदलांवर नव्याने रचताना, हरवलेले कमिट (नोंदवलेले बदल) कसे परत आणले. आधी तिला वाटत होतं हा काही टॉकचा विषय नाही. मग तिने सांगितलं: गिटचा रिफ्लॉग म्हणजे काय (आपण कुठून कुठे गेलो त्याची नोंदवही), अशा अनाथ कमिटची नोंद त्यात एरवी ३० दिवस कशी राहते, त्या रात्री अकरा वाजता ती ऑफिसात एकटी बसून काय काय टाइप करत होती, आणि त्यातली कुठली कमांड चुकीची होती. एकूण १८ मिनिटं. त्यानंतर प्रश्नोत्तरं अर्धा तास चालली, कारण हॉलमधल्या प्रत्येकाचं काही ना काही कधीतरी हरवलेलं होतं.

याच्या उलट नमुना गिटवरच पाहिला. वक्त्याने सुरुवात केली २००५पासून: लिनक्सवाल्यांचा बिटकीपर या आधीच्या साधनाचा फुकट वापर कसा बंद झाला, लिनक्सच्या लायनस टॉरव्हाल्ड्सने थोड्याच दिवसांत नवं साधन कसं उभं केलं. गोष्ट छान आहे, तीन वाक्यांत सांगितली तर. त्याने तिला पंचवीस मिनिटं घातली. त्याआधी ‘माझ्याबद्दल’च्या चार स्लाइड्स झाल्याच होत्या. मर्ज आणि रिबेस या बदल एकत्र करायच्या दोन पद्धतींमधला फरक, ज्यासाठी लोक खापरीहून मेट्रोने आले होते, तो “आता वेळ कमी आहे, तर पटकन बघून घेऊ” यात गेला.

वेळेचा माझा हिशेब साधा आहे. चाळीस मिनिटं मिळाली असतील तर पंचवीस मिनिटांचं तयार करा. मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून भिंतीशी बोला. मनातल्या मनात म्हटलेला टॉक नेहमी वेळेत संपतो, तो धरायचा नाही. आणि आमच्याकडे दहाची वेळ दिली की तर्री-पोहे आटोपून माणसं पावणेअकराला येतात, तेही धरून चाला.

मागच्या रांगेतून काय दिसतं

घरच्या स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवरचा राखाडी कोड फार देखणा दिसतो. कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टरवर, पडदे नसलेल्या हॉलमध्ये, तो दिसतच नाही. पांढरी थीम लावा. डोळ्यांना त्रास होतो म्हणाल तर तो तुमच्या दोन डोळ्यांना होईल, समोर ऐंशी आहेत. अक्षर एवढं मोठं ठेवा की स्वतःला शरम वाटेल. असे बरेच प्रोजेक्टर अजून १०२४ बाय ७६८चे आहेत, त्यामुळे तुमची रुंद स्लाइड वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून आक्रसते. एका वेळी कोडच्या पंधरा ओळी, त्याहून जास्त नको. मी वक्त्याला अर्धा तास आधी बोलावते आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसवून त्याचीच स्लाइड वाचायला सांगते. वाचता येत नाही म्हटल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो.

तिथे बसल्यावर कूलरचा आवाजही कळतो. उन्हाळ्यात माइक असला तरी मागे निम्मंच पोचतं. कूलर बंद केला तर माणसं वितळतात. म्हणून प्रत्येक प्रश्न माइकवर पुन्हा बोलून मग उत्तर द्या.

गुप्त किल्ली पडद्यावर

‘डॉट ईएनव्ही’ ही पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या ठेवायची फाइल उघडून “ही जरा इग्नोर करा” म्हणणारे वक्ते मी तीन पाहिले. लोक इग्नोर करत नाहीत, फोटो काढतात. एकाने तर तोच कोड किल्लीसकट गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून टाकली. अरे बाबा, इतिहासात ती आहेच की! आणि सार्वजनिक रेपॉझिटरीत अशा किल्ल्या हुंगत फिरणारे बॉट असतात. डेमोसाठी वेगळी किल्ली बनवा, खर्चाला मर्यादा घाला आणि स्टेजवरून उतरताच ती रद्द करा. पाणी प्यायच्या आधी.

बाकी थोडक्यात

सूचना बंद करा. एका वक्त्याच्या सिक्युरिटीच्या स्लाइडवर आईचा व्हॉट्सअ‍ॅप झळकला होता: “येताना सांबार आण, वडी करायची आहे.” पुण्याहून आलेला पाहुणा बिचारा सांबार वडीत कसं घालतात याच विचारात राहिला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

विंडोजचं अपडेट आदल्या दिवशीच उरका.

ज्या भाषेत तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या मित्राला बग समजावता, त्याच भाषेत बोला. मराठी, हिंदी, दोन्हीची खिचडी, काहीही चालेल. पाठ केलेलं इंग्रजी दहाव्या मिनिटाला दम टाकतं.

एखादं उत्तर येत नसेल तर “माहीत नाही” म्हणा. आणि जो काका प्रश्न म्हणून उभा राहून पाच मिनिटं स्वतःचा अनुभव सांगतो, त्याला अडवायचं काम माझं आहे, तुम्ही त्यात पडू नका.

शेवटचं, अ‍ॅडॉप्टर. नव्या लॅपटॉपला टाइप सी, प्रोजेक्टरला एचडीएमआय, जुन्या हॉलमध्ये फक्त व्हीजीए. दोन्ही स्वतःचे आणा आणि घरी एखाद्या टीव्हीला लावून बघा. “तिथे असेलच ना” म्हणून येणाऱ्यांना आजवर मी माझाच देत आले. माझ्या व्हीजीएवाल्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. जूनच्या बैठकीत ज्याने नेला, त्याने तो पुढच्या शनिवारी गुपचूप रजिस्ट्रेशनच्या टेबलावर आणून ठेवावा, मी काही विचारणार नाही.