गाजर-मिरचीचं लोणचं, फोडी शेवटपर्यंत कुरकुरीत

ॲपल सायडर व्हिनेगरमध्ये घातलेल्या गाजर-मिरचीच्या लोणच्यात वरच्या फोडी तरंगतात, हवेला उघड्या पडतात आणि बुरशी तिथूनच धरते. त्यावर कोबीचं पान हा साधा उपाय आहे.

१. गाजराच्या बोटभर लांब फोडी करा, मिरच्यांना उभी चीर द्या. धुतल्यावर फडक्यावर पसरून अगदी कोरड्या होऊ द्या. इथे घाई नको.

२. एक कप व्हिनेगर (बाटलीवर ५ टक्के आम्लता लिहिलेली बघून घ्या), एक कप पाणी, दोन चमचे मीठ, एक चमचा साखर आणि थोडी मोहरी स्टीलच्या पातेल्यात उकळा. ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं भांडं नको.

३. फोडी कच्च्याच, दाबून भरा. काचेची बरणी आधी गरम पाण्याने विसळलेली असू द्या, म्हणजे तडकणार नाही. मग वरून गरम व्हिनेगर ओता. फोडी उकळत्या पाण्यात टाकल्या की मऊ पडतात.

४. कोबीचं एक पान बरणीच्या तोंडापेक्षा थोडं मोठं कापा आणि कडा आत दुमडून फोडींवर दाबून बसवा. व्हिनेगर पानाच्या वर आलं पाहिजे.

गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी खायला घ्या. लसूण घातलात आणि तो हिरवट-निळसर झाला तर घाबरू नका, खायला चालतो.

हे लोणचं कैरीच्या लोणच्यासारखं फडताळात ठेवायचं नाही. फ्रिजमध्येच ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा आणि व्हिनेगरचं प्रमाण कमी करू नका.