निकालानंतर शहर पेटलं आणि पोरगं घरी आलं नाही तर

पोलिसांच्या मारहाणीच्या केसमध्ये लोकांना न पटणारा निकाल लागला की राग रस्त्यावर येतो, १९९२ मध्ये अमेरिकेत रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारणारे पोलीस कोर्टातून सुटले तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये ६० च्या वर माणसं गेली. आपल्या ठाणे शहरात तशी वेळ आली तर काय करायचं ते आजच घरात बोलून ठेवा.

लोकल बंद पडली तर ऑफिसमध्येच थांबा, ट्रॅकवरून चालत निघू नका. ऑगस्ट २०२४ ला बदलापूरच्या रेल रोकोत कितीतरी तास गाड्या बंद होत्या, शेवटी लाठीचार्ज झाला आणि अशा वेळी लाठी चेहरा बघून पडत नाही. जमावबंदी लागलीय का तेही बघा, त्याचं पूर्वीचं कलम १४४ आता १६३ झालंय.

आता खरी गोष्ट, पोरगं उचललं गेलं तर. ठाणेनगर, नौपाडा, राबोडी, कोपरी असं एकेक पोलीस स्टेशन फिरत वेळ घालवू नका, आधी पोलीस कंट्रोल रूमला विचारा, अटक केलेल्यांची नावं तिथे ठेवायलाच लागतात, नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ३७ आहे त्यासाठी. घरच्यांना कळवणं आणि अटकेचा मेमो (लेखी नोंद) करणं पण पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डी. के. बसू केसमध्येच सांगितलंय. स्टेशनला एकट्याने जाऊ नका, आवाज चढवू नका पण किती वाजता नेलं ते विचारून लिहून घ्या, कारण तिथून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच लागतं, रविवार असला तरी.

वकील नसेल तर १५१०० ही मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाइन लावा नाहीतर ठाणे कोर्टातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा, कस्टडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आणि हे कितीतरी आईबापांना माहीतच नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

मारलं असेल तर पोराने गप्प बसायचं नाही, डॉक्टर तपासतील तेव्हा प्रत्येक वळ दाखवून लिहून घ्यायला लावायचा आणि मॅजिस्ट्रेटसमोर पण स्वतःच्या तोंडाने सांगायचं, नंतर सांगितलं तर आधी का नाही बोललात हाच प्रश्न येतो.

अठराच्या आतलं असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, म्हणून निघताना वय दाखवायला शाळेचा दाखला आणि त्याची रोजची औषधं आठवणीने सोबत घ्या, दाखल्याची झेरॉक्स द्या, ओरिजिनल हातातून सोडू नका.