मॉडेल रेल्वेची सुरुवात करताना या चुका टाळा

मोठ्या हौसेने घरी आणलेली छोटी रेल्वे पहिले काही दिवस सुरळीत धावते, मग अडखळू लागते आणि पुढे कधीतरी खोक्यात भरून माळ्यावर जाते. दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात गाडी थांबण्याची, घसरण्याची किंवा डबे सुटण्याची कारणे शोधत गेल्यास ती बहुधा रुळांत, तारांत किंवा ज्या फळीवर रूळ बसवले आहेत त्या फळीत सापडतात. त्यामुळे या लेखात कोणते इंजिन घ्यावे यापेक्षा इंजिनाच्या खाली काय असावे यावर अधिक भर दिला आहे.

पुणेकरांना एक सोय अशी की, बी. एस. जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले आणि १९९८ मध्ये सुरू झालेले लघुरेल्वे संग्रहालय कोथरूडमध्येच आहे. पहिली खरेदी करण्यापूर्वी तेथे अवश्य जावे, मात्र नुसत्या गाड्या पाहून परतू नये. वळणे किती रुंद आहेत आणि चढ किती सावकाश घेतले आहेत, हे नीट पाहावे.

जागा मोजण्याआधी गाडी विकत घेणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. या छंदात एचओ म्हणजे १:८७ आणि एन म्हणजे १:१६० ही दोन प्रमाणे सर्वाधिक चालतात; ब्रिटिश बनावटीच्या गाड्या १:७६ प्रमाणाच्या, म्हणजे ओओ असतात, पण त्या एचओच्याच १६.५ मिलिमीटर रुळावर (हे दोन रुळांमधील अंतर, म्हणजे गेज) धावतात. एनचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. कागदावर हे आकडे निरुपद्रवी वाटतात. त्यांचा खरा अर्थ डबा हाती आल्यावर कळतो.

भारतीय रेल्वेच्या एलएचबी प्रकारच्या प्रवासी डब्याची लांबी सुमारे साडेतेवीस मीटर असते. एचओमध्ये तोच डबा सत्तावीस सेंटिमीटरचा होतो आणि चोवीस डब्यांची गाडी साडेसहा मीटरच्या घरात जाते. एवढी लांब सरळ भिंत पुण्यातल्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या सदनिकेत मिळणे कठीण. एनमध्ये हाच डबा पंधरा सेंटिमीटरहून थोडा कमी भरतो. डेक्कन क्वीनची प्रतिकृती घरी धावावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी सहा-सात डब्यांवर समाधान मानावे किंवा एनचा विचार करावा. अडचण एवढीच की, भारतीय रेल्वेची तयार मॉडेल प्रामुख्याने एचओमध्ये दिसतात, त्यामुळे एन घेणाऱ्याला बऱ्याचदा जपानी किंवा युरोपीय गाड्यांवर भागवावे लागते. माझे मत विचाराल तर छोट्या घरात एन आणि परदेशी गाड्या हा सौदा वाईट नाही; एचओमधील तीन डबे घट्ट वर्तुळात फिरताना पाहण्यापेक्षा तो बरा.

आणखी एक बारकावा भारतीय गाड्यांच्या चाहत्यांनी आधीच समजून घ्यावा. एचओचा रूळ १४३५ मिलिमीटरच्या प्रमाणित गेजवर बेतलेला आहे, तर आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे. काटेकोर प्रमाणात तो एकोणीस मिलिमीटरहून थोडा अधिक व्हायला हवा. बाजारात तसा तयार रूळ सहसा मिळत नाही आणि सगळे जण १६.५ वरच गाड्या चालवतात. सुरुवातीलाच स्वतः रूळ घडवण्याच्या फंदात पडू नये.

वळण आणि चढ यांचा हिशेब न करणे

सर्वसाधारण आडाखा असा आहे की, वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान अडीचपट असावी. सत्तावीस सेंटिमीटरच्या डब्याला म्हणजे सुमारे अडुसष्ट सेंटिमीटर त्रिज्या लागते. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर मात्र फार तर पंचावन्न सेंटिमीटरच्या आसपासचे वळण बसते. स्टार्टर सेटमधील वळणे त्याहूनही घट्ट, बहुधा छत्तीस ते सेहेचाळीस सेंटिमीटर त्रिज्येची असतात. त्यांवर चार चाकांचे मालडबे किंवा आखूड डबे बिनतक्रार फिरतात. पूर्ण लांबीचे प्रवासी डबे वळणावर एकमेकांना घासतात, जोडणी ताणली जाते आणि आतल्या बाजूचे चाक रूळ सोडते. डबा खराब निघाला म्हणून तो दुकानात परत नेणाऱ्यांनी आधी वळण मोजावे.

पुण्याच्या माणसाला मांडणीत घाट हवाच असतो, आणि त्यात काही गैर नाही. पण खऱ्या बोरघाटाचा चढ सुमारे ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्के आहे, आणि त्यासाठी कर्जतहून लोणावळ्यापर्यंत गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात, हे विसरू नये. छोट्या इंजिनाला वळणावरचा तीन टक्क्यांचा चढ जड जातो. दोन टक्के हे सुरक्षित प्रमाण धरावे. आता हिशेब पाहा. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर पुलाच्या जाडीसह सुमारे आठ सेंटिमीटर उंची लागते. दोन टक्के चढाने आठ सेंटिमीटर वर जायला चार मीटर रूळ लागतो आणि तेवढाच पुन्हा खाली उतरायला. आठ बाय चारच्या फळीवर बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या लंबवर्तुळाची एकूण लांबीच सहा मीटरच्या आत असते. म्हणजे हा पूल त्या साध्या लंबवर्तुळावर होऊच शकत नाही. तरीही तो बसवण्याचा अट्टहास केला की चढ चार-पाच टक्क्यांवर जातो, चाके जागच्या जागी फिरतात आणि इंजिन कमजोर ठरवले जाते. घाटाची हौस भागवायची असेल तर रूळ सपाट ठेवून त्याच्या मागे डोंगर आणि बोगदा उभा करावा. पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही.

फळी आणि रूळ

प्लाय घेताना भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्येच तो दोन भागांत कापून घ्यावा, कारण आठ फुटांचा पूर्ण तक्ता बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि पुढे घर बदलताना तर तो जिन्यातून उतरवणे हाच एक प्रकल्प होतो. बारा मिलिमीटरचा, दमट हवा सोसणारा प्लाय लाकडी चौकटीवर बसवला की तो वाकत नाही. एमडीएफ (लाकडाच्या दाबलेल्या तंतूंची फळी) स्वस्त आणि गुळगुळीत असते, परंतु पावसाळ्यातल्या ओलीने त्याच्या कडा फुगतात. भिंतीला लागून मांडणी करताना तिची खोली पाऊण मीटरपेक्षा अधिक ठेवू नये. मागच्या कोपऱ्यात गाडी घसरली आणि हात पोहोचला नाही, तर बाहीने पुढचे निम्मे स्टेशन आडवे होते.

गाडी थेट फरशीवर किंवा सतरंजीवर चालवणे हे एक-दोन दिवसांपुरते ठीक आहे. त्यानंतर केस आणि धागे चाकांच्या आसांभोवती गुंडाळले जातात आणि तेथून इंजिनाच्या दातेरी चक्रांत शिरतात.

रुळांच्या बाबतीत एकाच कंपनीची एकच मालिका घेऊन तिच्यावर टिकून राहणे शहाणपणाचे आहे. काटोचा युनिट्रॅक, बाखमानचा ईझी ट्रॅक आणि हॉर्नबीचे रूळ यांची जोडणी वेगवेगळी असते. ते पकडीने वाकवून एकमेकांत बसवता येतात, पण त्या सांध्यावर गाडी कायम उडी मारते. स्वस्तात मिळणारे जुने पितळी किंवा पोलादी रूळ टाळावेत. पितळेवर चढणारा थर वीज अडवतो आणि पोलाद आपल्या पावसाळ्यात गंजते. जर्मन सिल्व्हरचे रूळ थोडे महाग पडतात, परंतु त्यांना कमी घासावे लागते.

विजेची जोडणी

इंजिन स्टेशनजवळ वेगाने पळते आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला रेंगाळते, ही बहुधा सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. याचे कारण असे की, नवखी मंडळी संपूर्ण मांडणीला एकाच ठिकाणाहून वीज देतात आणि पुढचे काम रुळांच्या जॉइनरवर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर, सोडून देतात. प्रत्येक जॉइनर विजेचा थोडा थोडा दाब (व्होल्टेज) खातो, आणि धूळ बसल्यावर अधिकच खातो. उपाय सोपा आहे. फळीखालून १.५ चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरची लाल-काळी जोडी फिरवावी आणि दर मीटरभर अंतरावर तिच्यापासून बारीक तारा वर आणून रुळाच्या बाहेरच्या कडेला सोल्डर कराव्यात. सोल्डरिंगसाठी राळेचा फ्लक्स वापरावा. ॲसिड फ्लक्सने जोड काही महिन्यांत हिरवा पडून गंजतो. हे सर्व साहित्य, तसेच वीज तपासणारा साधा मल्टिमीटर, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो. मल्टिमीटरशिवाय हा छंद सुरू करूच नये, असे मी म्हणेन.

लाल-काळी तार एका जरी ठिकाणी उलटली की संपूर्ण मांडणी शॉर्ट होते आणि कंट्रोलरचा दिवा विझतो. अशा वेळी सर्व जोड सोडून एकेक परत लावत जावे. ज्या जोडाला दिवा विझेल, तोच चुकीचा. जोड बरोबर असूनही शॉर्ट होत असेल तर मांडणीत कुठे रूळ वळून उलट दिशेने स्वतःलाच येऊन मिळतो का, ते पाहावे. दोन रुळांच्या पद्धतीत अशा उलट फेऱ्यावर डावा रूळ उजव्याला भिडतो, म्हणून तो भाग दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या जॉइनरने विजेपासून वेगळा करावा लागतो.

परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या सेटचा ट्रान्सफॉर्मर प्लगमध्ये घालण्यापूर्वी त्यावरील आकडे वाचावेत. अमेरिकेतील उपकरणे १२० व्होल्टची आणि जपानमधील १०० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर ती क्षणात जळतात. लेबलवर १०० ते २४० लिहिले असेल तरच ते थेट लावावे.

डीसी की डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल), हा प्रश्न सुरुवातीला फार ताणू नये. साध्या डीसीमध्ये रुळांतील दाब कमी-अधिक करून वेग ठरतो. डीसीसीत रुळांना सतत पूर्ण वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्यापुरती आज्ञा ओळखतो. एका इंजिनासाठी डीसी पुरे. मात्र डिकोडर नसलेले इंजिन डीसीसीच्या रुळावर उभे करून ठेवू नये, कारण मोटार गुणगुणत तापते आणि काही प्रकारच्या मोटारी जळूनही जातात.

गाडी घसरते तेव्हा

येथे एक नियम नेहमी उपयोगी पडतो. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा असतो. एकच डबा ठिकठिकाणी घसरत असेल तर दोष त्या डब्याचा. रुळाचा संशय असेल तर जोडावरून नख फिरवावे. नख अडकले म्हणजे चाकही अडकणार. तेथे रुळाचे टोक बारीक कानशीने किंचित उतरवावे आणि जॉइनरमध्ये रूळ वर चढून तर बसला नाही ना, ते तपासावे. डब्याचा संशय असेल तर चाकांमधील अंतर मापपट्टीने पाहावे. अमेरिकेतील एनएमआरए (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन) या १९३५ पासूनच्या संस्थेने ठरवलेली मापे बहुतेक उत्पादक मानतात आणि त्यानुसार बनवलेली धातूची मापपट्टी मिळते. त्याच संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचे वजन मुळात २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम असावे. पूर्ण लांबीचा एलएचबी डबा या हिशेबाने सुमारे १८० ग्रॅमचा भरायला हवा. हलका डबा वळणावर आत ओढला जातो, म्हणून त्याच्या तळाशी, दोन्ही बोगींच्या (चाके धरणाऱ्या सांगाड्यांच्या) वर, वजन चिकटवावे.

इंजिन नेमके पॉइंटवरच, म्हणजे गाडी जिथे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवली जाते तिथेच, थांबत असेल तर पॉइंटच्या मध्यभागी, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, ती जागा प्लास्टिकची आहे का ते पाहावे. आखूड इंजिनाची वीज घेणारी चाके त्या निर्जीव तुकड्यावर आली की ते तेथेच थांबते. जिथे हा भागही धातूचा असतो, असे पॉइंट घेतल्यास हा त्रास टळतो, पण त्यांना एक जास्तीची तार आणि ती योग्य वेळी बदलणारा स्विच लागतो.

सफाई, तेल आणि किल्ल्याची माती

रूळ काळे पडले की हाताशी असलेला पॉलिश पेपर घेऊन घासण्याचा मोह होतो. त्याने रूळ तासाभरापुरता चकचकीत होतो, परंतु पडलेल्या ओरखड्यांत मळ दुप्पट वेगाने साठतो. लिंट न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसावेत आणि त्याच वेळी इंजिनाची व डब्यांची चाकेही पुसावीत, नाहीतर चाकांवरचा मळ पुन्हा रुळावर येतो. प्लास्टिकची चाके हा मळ विशेष पसरवतात.

तेलाच्या बाबतीत स्वयंपाकघराकडे वळू नये. खोबरेल पुण्याच्या थंडीत गोठते आणि इंजिन सकाळी हलतच नाही. प्लास्टिकला चालणारे हलके तेल सुईच्या टोकावर मावेल एवढेच आसावर लावावे. जास्त झालेले तेल चाकांवर येते आणि ती जागच्या जागी फिरू लागतात.

डोंगर-माळ सजवताना दिवाळीच्या किल्ल्याचा अनुभव बहुतेकांच्या हाताशी असतो आणि गोणपाट, चाळलेली माती, वाळलेल्या काड्या यांचा येथे उत्तम उपयोग होतो. मात्र आपली माती आणि खडीची कच काळ्या बेसॉल्टची असते आणि त्यात चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. ही कच तशीच रुळांमध्ये पसरली की ते कण इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाकडे ओढले जातात. म्हणून चाळलेली माती वर्तमानपत्रावर पसरून तिच्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक फिरवावे. पिशवीला काळी दाढी आल्यासारखे दिसते. पिशवी उलटी करून चुंबक काढले की कण आपोआप सुटतात. पिशवी स्वच्छ राहीपर्यंत हे करावे. त्यानंतर ती भुकटी रुळांमध्ये पसरून, निम्मे पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घातलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावे. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांपासून ते वीतभर दूरच ठेवावे आणि रात्रभर वाळू देऊन रुळाचा माथा पुसल्याशिवाय कंट्रोलर चालू करू नये.