चिघळलेल्या जखमेवर स्वतःचीच चरबी: नॅनोफॅटची रीत

मधुमेह्याच्या तळव्याची जखम ४ आठवडे नीट उपचार करूनही निम्म्याने आटली नाही, तरच चरबीतल्या स्टेम सेलकडे, म्हणजे मूळ पेशींकडे, वळावं. आधी प्रोब, म्हणजे जखमेत घालायची बोथट सळई, हाडाला लागतो का ते बघा. पावलात रक्त पोचतं का, हेही. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्या की घोट्याचा रक्तदाब फसवा येतो, म्हणून अंगठ्याचा मोजा. पाऱ्याच्या ३० मिमीच्या खाली असेल तर पेशंट आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. पू किंवा हाडात संसर्ग असताना चरबी टोचायची नाही. वर्षानुवर्षांची जखम असेल तर कडेची बायोप्सी आधी, कारण तिथे कॅन्सर दडलेला असू शकतो.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर मान्य क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. ‘पॅकेज’ सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावं.

चरबी बहुधा पोटावरची घेतात. भातलावणीत राबणाऱ्या बाईच्या पोटावर ती कुठली असायला? तिथे मांडीची आतली बाजू बघा. ती जागा बधिर करायला ५०० मिली सलाइनमध्ये २ टक्के लिग्नोकेन २० मिली आणि १:१००० अ‍ॅड्रेनलिन अर्धा मिली घाला. यातलं १०० ते १५० मिली पुरतं. हृदयविकार असेल तर आधी भूलतज्ज्ञाला विचारा. टोचल्यावर १५ मिनिटं थांबा, कातडी पांढुरकी पडू द्या. घाई केली की चरबी लालभडक येते आणि धुता धुता वेळ जातो. १० मिलीच्या सिरिंजला बारीक भोकांची कॅन्युला (पोकळ नळी) लावून दट्ट्या १-२ मिलीच ओढा. जोराच्या सक्शनने पेशी फुटतात.

चरबी सलाइनने धुऊन निथळा. मग दोन सिरिंज कनेक्टरने जोडून ३० वेळा इकडून तिकडे ढकला. पिवळे गोळे जाऊन दुधाळ, पातळ द्रव दिसला की अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून गाळा. हेच नॅनोफॅट. यात चरबीच्या पेशी मरतात, पण स्टेम सेल टिकतात; म्हणून खड्डा भरून निघेल अशी आशा धरू नका.

जखमेवरचं मेलेलं मांस खरवडून ताजं रक्त दिसू द्या. मग २७ नंबरच्या सुईने कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत-बाहेर आणि तळात, दर सेंटिमीटरला ०.१ ते ०.२ मिली सोडा. द्रव त्याच बैठकीत संपवा, साठवू नका.

खरी गडबड घरी होते. पायावरचा भार काढला नाही तर सगळं वाया, त्यासाठी प्लास्टरचा बूट उत्तम. पण जुलैत कोकणात तो आतून घामाने भिजतो, कातडी पांढरी लिबलिबीत होते; दर आठवड्याला बदला. चिखलात पाय नको. खाऱ्या पाण्याने जखम धुण्याची सवय तर मोडाच: समुद्राच्या कोमट पाण्यातला व्हिब्रिओ जंतू मधुमेह्याचा जीव घेऊ शकतो.

दर आठवड्याला पारदर्शक प्लास्टिकवर जखमेची कड आखून ठेवा. ४ आठवड्यांत आकार हलला नाही तर पुन्हा चरबी टोचू नका. रक्तपुरवठा, हाड आणि बायोप्सी नव्याने तपासा.